मोजणाऱ्याला लिमिट नसतं

सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या मालाडच्या ऑफिसात मी त्याला एकदाच भेटले. आमच्या पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट सकाळपासून अडकले होते आणि भांडुपच्या काउंटरवर पेशंट माझ्या नावाने खडे फोडत होते. आमचा भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर त्यांच्याकडे इतर कंपन्यांच्या सर्व्हरसोबत एकाच डिस्कवर चालायचा. कोणी डिस्क अडवून शेजाऱ्यांना रखडवू नये, हे बघणं त्याचं काम.

माणूस भलताच शिस्तीचा. टेबलावर माझी पर्स जरा त्याच्या बाजूला सरकली, तर त्याने ती दोन बोटांनी अलगद माझ्या हद्दीत ढकलली.

"प्रत्येकाला डिस्क वापरायचं लिमिट लावलंय, मॅडम. कोणी कोणाच्या वाटणीचं खाऊच शकत नाही."

"अहो, मग आत्ता कोण खातंय?"

त्याने स्क्रीनवर बघितलं. सगळ्यात जास्त खात होता त्याचाच सर्व्हर. सगळ्यांना ठरलेला वेग मिळतो का, हे तपासायला तो सर्व्हर दिवसभर डिस्कवर लिहीत-वाचत बसला होता.

"याला नाही लावलं लिमिट?"

"मोजणाऱ्याला लिमिट कसं लावणार?" तो खरोखर दुखावला होता.

मग थोडा विचार करून त्याने आमचं लिमिट आणखी कमी केलं. आमच्या रिपोर्टांमुळे त्याची मोजणी रखडत होती.