सुकेळ्यांचं ऊन

एप्रिलमध्ये मोबाइलवर इशारा आला: उत्तर कोकणात तीन दिवस उष्णतेची लाट, दुपारी घराबाहेर पडू नका. चंदनसारच्या फ्लॅटमधून मी घाबरून आगाशीच्या आत्याला फोन लावला. पंच्याहत्तरीची ही बाई भर उन्हात अंगणात राजेळी केळी सोलून वाळत घालते, त्यांची सुकेळी करते.

"तीनच दिवस?" ती करवादली. "केळ्यांना अजून पाच लागतील. नीट बघ जरा!"

मी चिडून फोन ठेवला. लाट मात्र तिचं ऐकून लांबली. सहाव्या दिवशी घामाने निथळत तिच्या अंगणात पोचलो आणि पहिलं सुकेळं तोंडात टाकलं. चिकट, गोड, अजून उन्हाने कोमट. तेवढ्यात मोबाइल वाजला: उद्यापासून लाट ओसरणार.

"एवढ्यात?" माझ्याच तोंडून निघालं.