मूठभर बेदाणा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, तर नाहीच – आणि तिच्यापासून काही लपवून ठेवणं ही काय चीज आहे हे तिला ओळखणाऱ्यांना विचारा. बिस्किटाचा पुडा मी कुठे लपवणार आहे हे तिला माझ्याआधी कळतं. पण हे तिला कळलेलं नाही. की कळलंय आणि ती गप्प बसलीय? पण ते राहू द्या. आधी बेदाण्याचं सांगतो. नाही – त्याच्या आधी भाकरीचं सांगायला हवं.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं उरकली की कोणीतरी म्हणतंच, "भाऊ, सांगा की एखादी." मी सांगतो. बहुतेक वेळा माझीच फजिती असते, त्यामुळे कोणाला राग येत नाही. ही गोष्टसुद्धा मी सांगतो – अर्धी. भाकरी सोडल्यावर मी फ्लॉवरच्या गड्ड्याशी कसा भांडायचो, तिथपर्यंत. लोक पोट धरून हसतात आणि मी उठून हात धुवायला जातो. कारण पुढचं हसण्यासारखं नाही.

माझी मुलगी दीपा तासगावला दिलीय. तिचे सासरे फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेड आहे. अख्खं गाव त्यांना सुभेदारच म्हणतं, मीही. ते मला 'पाव्हणं' म्हणतात. आमच्याकडे व्याह्या-व्याह्यांनी एकमेकांची थट्टा करायची असते. न करणारा व्याही फुगलाय असं समजतात. त्यात मी तरबेज. आणि सुभेदार म्हणजे थट्टेला आपणहून खांदा पुढे करणारा माणूस.

मला साखर निघाली, पाठोपाठ त्यांना निघाली. दीपा म्हणाली, "बाबा, एकेकट्याला जमत नाही. तुम्ही दोघं मिळून करा." मग दोघांचं लो-कार्ब सुरू झालं. भात बंद, भाकरी-चपाती बंद, बटाटा बंद, साखर तर बंदच. अंडी, पनीर, पालेभाज्या, दही, शेंगदाणे, आणि बाजाराच्या दिवशी मटण – रस्सा वाटीने प्यायचा. सुभेदार या सगळ्याला 'सूनबाईंची ड्यूटी' म्हणायचे.

सुरू करण्याआधी दीपा आम्हा दोघांना सांगलीत डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, करा, पण गोळ्या चालू असताना भाकरी सोडली की साखर कधी कधी फार खाली जाते. हात थरथरले, दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थांबायचं नाही. पटकन काहीतरी गोड तोंडात टाकायचं आणि मला फोन करायचा. गोळी कमी करावी लागेल.

हे मी ऐकलं. नीट ऐकलं. सुभेदारांनीही ऐकलं, पण बाहेर चपला घालता घालता मला म्हणाले, "पाव्हणं, तुमी ऑफिसातली माणसं, तुमच्या ध्यानात ऱ्हाईल. मला काय झालं तर मी तुमास्नीच इच्यारणार." मी मोठ्या दिमाखात मान डोलावली. मान डोलावण्यात मी कधी मागे नसतो.

पहिले काही आठवडे खरंच चांगले गेले. सकाळी चालून आलो की सुभेदारांचा फोन यायचा – "पाव्हणं, काय खाल्लं?" दुपारी ताटाचा फोटो. त्यांच्या ताटात मेथी, दोन अंडी, काकडी, आणि भाकरीच्या जागी एक गोल रिकामी जागा. ती जागा ते मुद्दाम सोडायचे. "तितं ती बसायची, तिला विसरायचं न्हाई," म्हणायचे. माझ्या ताटात पनीर आणि सुनंदाने किसून परतलेला फ्लॉवर, ज्याला ती न लाजता भात म्हणायची.

आणि मग भडंग.

तुम्ही सांगलीचे असाल तर जास्त सांगायला नको. चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, लाल तिखट – पाकीट फोडलं की वासानेच माणूस गळाठतो. माझं ऑफिस विश्रामबागेत. तिथे कॉलेजच्या भिंतीलगत झाडाखाली गाडी लावायची, काचा वर करायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत एक पाकीट. ताटाचा फोटो पाठवून झाल्यावर, हं. पन्नाशी उलटलेला, केस रंगवणारा गृहस्थ बंद गाडीत घामाघूम होऊन चुरमुरे खातोय – बाहेरून कसं दिसत असेल? वर लसणाचा वास जावा म्हणून बडीशेपेच्या फक्क्या. हळूहळू एका पाकिटाची दोन झाली. एखाद्या संध्याकाळी कचोरीही.

हे एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. लोक खातात. मीही हसून सांगितलं असतं.

पण सुभेदार रोज विचारायचे, साखर किती आली? त्यांची उतरत होती. आणि मी मुलीचा बाप – व्याह्यापुढे कमी पडायचं? मी त्यांच्यापेक्षा थोडी कमीच सांगायचो. मग ते अजून कडक व्हायचे. शेंगदाणेसुद्धा मोजून खायला लागले. मी हवेत आकडे फेकत होतो आणि तो माणूस ते झेलायला धावत होता.

एका दुपारी मी झाडाखाली गाडीत होतो. तोंडात घास होता. फोन वाजला. सुभेदारांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"पाव्हणं, तुमास्नी बी असं हुतंय का वो? जेवायच्या आदी हातपाय कापत्यात. घाम तर असा, का कुणी पळवून आणलंय."

तुम्ही काय म्हणाला असता? "सुभेदार, आधी चमचाभर साखर खा आणि डॉक्टरांना फोन लावा." एवढंच. डॉक्टरांचे शब्द माझ्या कानात होते. पण मी 'मला नाही होत' म्हणालो असतो, तर त्यांनी विचारलंच असतं – तुमची साखर माझ्यापेक्षा खाली, मग तुम्हाला का होत नाही? मी घास गिळला. म्हणालो, "होतं की. मलाही होतं. शरीराला सवय लागेपर्यंत चालायचंच. जाईल."

"मग बरं हाय," ते म्हणाले. "मला वाटलं मलाच हाय." आणि मनापासून हसले.

त्या दिवसापासून मला फोनची भीती वाटायला लागली. दीपाचा आला तर जास्त. मी रोज ठरवायचो, आज सांगतो. आणि रोज विचारायचो – "कसंय सुभेदार?" – अशा आवाजात, की समोरच्याने 'बरं हाय' शिवाय दुसरं काही म्हणूच नये.

आता शेड.

बेदाण्याच्या हंगामात मी तासगावला गेलो होतो. भर दुपार. शेडमध्ये जाळ्यांच्या थरांवर बेदाणा पसरलेला, खाली बायका तो झाडून काड्या वेगळ्या करत बसलेल्या. दीपा आमचा बिनसाखरेचा चहा घेऊन आली होती. तिकडे एक पद्धत आहे – शेडमध्ये आलेल्या माणसाच्या हातावर मूठभर बेदाणा ठेवल्याशिवाय त्याला जाऊ देत नाहीत. कोणीही असो, तुमचा वैरी का असेना. सुभेदारांनी सवयीने जाळीवरची मूठ भरली, माझ्यासमोर धरली, आणि मग त्यांना आठवलं की मी भाकरीबरोबर बेदाणाही सोडलाय. मूठ तशीच हवेत राहिली.

ती थरथरत होती. दाणे बोटांमधून गळत होते. त्यांच्या कपाळावर, ओठांवर घाम होता. बायकांनाही येतो त्या पत्र्याखाली, पण असा नाही. चेहरा राखेसारखा झाला होता. आणि मग ती मूठ हळूहळू त्यांच्याच तोंडाकडे वळली. त्यांनी वळवली नाही – शरीरानेच वळवली असणार. मध्येच थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागावी तसं. चाळीस-पन्नास माणसांना हुकूम देणारा माणूस, स्वतःच्या शेडमध्ये, स्वतःचा बेदाणा खायला मला विचारत होता.

मला डॉक्टर आठवले. हे लिहायचं टाळण्यासाठीच मी इतका वेळ भडंगाचं आणि फ्लॉवरचं सांगत बसलो. मला आठवलं – आधी आठवलं, आणि त्यानंतर मी तोंड उघडलं. म्हणालो, "काय सुभेदार? चौकी सोडून पळताय की काय?"

बायका खळखळून हसल्या. दीपाही हसली. थट्टा चांगली होती, वेळेवर पडली. सुभेदारही हसले. "न्हाई पाव्हणं, मागं सरणारी जात न्हाई आपली," म्हणाले आणि मूठ जाळीवर उघडली. तळव्याला एक दाणा चिकटून राहिला होता. तोही त्यांनी नखाने काढून परत ठेवला.

मग बागेतलं पाणी बघून येतो म्हणून मोटरसायकलवर बसले. बसताना त्यांचा पाय दोनदा चुकला. मी चहा पीत होतो.

ओढ्याच्या वळणावर पडले. शेजारच्या बागेतल्या माणसाने पाहिलं म्हणून बरं. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात नेईपर्यंत ते काही ओळखत नव्हते. सुईतून साखर गेली तेव्हा डोळे उघडले. गेले असते, असं तिथल्या डॉक्टरांनी आमच्या तोंडावर सांगितलं.

पायात रॉड घातल्यावर आमचे नेहमीचे डॉक्टर त्यांना बघायला आले. त्यांनी विचारलं, आधी कधी थरथर, घाम असं काही झालं नव्हतं? मी पलंगाच्या पायाशी उभा होतो.

"हुतंय की लय दिवस," सुभेदार म्हणाले. "पर पाव्हण्यास्नी बी हुतंय. आमी दोघांनीबी सोसलं." आणि माझ्याकडे बघून हसले – सोबत्याकडे बघून हसतात तसं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्हालाही? आणि सांगितलं नाहीत? तुमचीही गोळी लगेच अर्धी करतो." मी मान डोलावली.

विहीणबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या माझ्याशी नाही, भिंतीशी बोलल्या. "सुखानं भाकरी खात हुता माणूस. कुणाच्या डोस्क्यातनं निघालं ह्ये खूळ? शिकल्याली सून आणली ना आमी." दीपा त्यांच्या शेजारीच होती. तिने मान खाली घातली, आणि मग एकदा – एकदाच – माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असणार, बाबा काहीतरी बोलतील. बाबांना बोलता येतं. सगळ्या पाहुण्यारावळ्यांत बाबांसारखं बोलणारं कोणी नाही. मी सलाइनच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत राहिलो.

त्यानंतर दीपाने त्या घरात जेवणाखाण्याबद्दल शब्द काढलेला नाही. विहीणबाई सांगतील ते करते. कोणी आजारी पडलं, नुसतं शिंकलं, तरी कोणीतरी तिच्याकडे बघतं. फोनवर मला म्हणाली होती, "माझंच चुकलं, बाबा. मी हे सुरूच करायला नको होतं." मी म्हणालो, "असं मनाला लावून घेऊ नये." हे मी म्हणालो – मी.

सुभेदार आता काठी घेऊन शेडपर्यंत जातात, बागेत नाही. त्यांची ती गोळी बंद झाली. माझी अर्धीच आहे. सुनंदा रोज ती सुरीने नेमकी मधोमध कापते आणि वाटीत ठेवते. माझी साखर चढत चाललीय. तळपायांना मुंग्या येतात, चप्पल निसटली तरी कधी कधी कळत नाही. डॉक्टरांना खरं सांगितलं तर ते विचारतील – मग थरथर कसली होत होती तुम्हाला? आणि ते दीपासमोर विचारतील. म्हणून मी भितो. पायांनाही भितो, पण त्या प्रश्नाला जास्त.

अजून एक राहिलं. हंगाम संपल्यावर मी तासगावला गेलो, तेव्हा निघताना सुभेदार काठी टेकत दारापर्यंत आले आणि माझ्या खिशात कागदाची एक पुडी घातली. मूठभर बेदाणा. "हे संगं ठेवायचं, पाव्हणं. हात कापाय लागलं की चार दाणं तोंडात टाकायचं. माझ्यासारखं करायचं न्हाई. लाज बाळगायची न्हाई." स्वतःच्या हाताने त्यांनी माझ्या खिशाचं बटण लावलं.

ती पुडी मी सांगलीत पोचायच्या आत संपवली. गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन, काचा वर करून. हात अजिबात थरथरत नव्हता.

दर भेटीला ते नवी पुडी देतात. आणि रोज सकाळी फोन येतो. आता ते काय खाल्लं विचारत नाहीत. विचारतात, "पाव्हणं, पुडी हाय न्हवं खिशात?"

"आहे," मी म्हणतो.