कुंदाची दोन शून्यं

विलासरावांचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी भाजी निवडत होते. विलासराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, कुंदाचे, यजमान. ते कधी फोन करत नाहीत. "ताई, कुंदा गेली," एवढंच म्हणाले. चहा करायला उठली, ओट्यापाशी बसली आणि गेली. डॉक्टर येऊन पाहून गेले होते. मी काहीतरी बोलले असेन, आठवत नाही. आठवतं ते पुढचं. मी म्हटलं, "मंजिरीला मी कळवते." मंजिरी माझी मुलगी, पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. त्यावर विलासराव म्हणाले, "तिले केला फोन ताई, पह्यलेच. ती निघाली आहे."

बहीण गेल्याचं कळल्यावर दुसऱ्या मिनिटाला माझ्या मनात आलं की माझ्या मुलीला माझ्याआधी कसं काय सांगितलं? हे लिहिताना लाज वाटते. पण कुंदाबद्दल लिहायचं तर हे वगळून लिहिता येणार नाही. आमच्या दोघींत मी चार वर्षांनी मोठी आणि आयुष्यभर हुशार म्हणून मिरवलेली. शेवटच्या दीड वर्षात मात्र मी तिच्यावर जळत होते.

आमचे बाबा हातमागावर लुगडी विणायचे. शाळेतून आलो की आम्ही दोघी त्यांच्यासाठी सुताच्या कांड्या भरायला बसायचो. मी समोर पुस्तक उघडं ठेवून भरायचे, कुंदा बडबड करत. मला गणितात पैकीच्या पैकी, तिला काठावर पास होण्याचेही वांधे. तिची अडचण अशी की तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. "ताई, उण्याले उण्यानं गुणलं तं अधिक काहून होते वं?" मी म्हणायचे, नियम आहे, पाठ कर. ती पाठ करायची नाही. दहावीत गणितातच राहिली, मग शिवण शिकली, लग्नानंतर इतवारीतल्या एका गल्लीत साड्यांना फॉल लावायचं, पिको करायचं छोटं दुकान टाकलं. मी बीएस्सी झाले, बीएड केलं आणि तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. "मले" म्हणायचं मी कॉलेजात सोडून दिलं. तिनं सोडलं नाही. उण्याला उण्यानं गुणलं की अधिक का, हे विचारणाऱ्या पोरी माझ्या वर्गातही यायच्या. त्यांनाही मी नियम आहे, पाठ कर, असंच सांगितलं.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. कुंदाच्या बचत गटातल्या बायकांत कुणीतरी मोबाईलवरच्या नाण्यांचा विषय काढला. घरबसल्या मशीन नाणी काढते, त्यात हिस्सा घ्यायचा, असं काहीसं. कुंदानं मला फोन केला. "ताई, हे क्रिप्टो म्हणजे काय असते वं? मायनिंग काय असते? खोदतेत का काही?" मला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. पण तसं म्हणायची मला सवय नव्हती. मी म्हटलं, "तुझ्या कामाचं नाही ते, त्या भानगडीत पडू नको." ती बरं म्हणाली. आणि त्याच संध्याकाळी तिनं मंजिरीला फोन लावला.

पुढचं सगळं मला मंजिरीकडूनच कळत गेलं. आधी आठवड्यातून एकदा, मग जवळजवळ रोज त्या बोलायला लागल्या. मंजिरी मला रविवारी फोन करायची, दहा मिनिटं, त्यातली आठ तब्येतीची चौकशी. आता त्या दहा मिनिटांतही मावशी यायची. मावशीनं आज काय विचारलं माहितेय का आई... आणि ती हसायची. माझ्याशी बोलताना ती तशी हसल्याचं मला आठवत नाही. एकदा तर तिच्या तोंडून "मले वाटलं" निघालं. माझ्या घरात वाढलेली, माझ्या हाताखाली शुद्ध बोलायला शिकलेली मुलगी. मी तिथल्या तिथे "मला" म्हणून सुधारलं. ती माझ्या तब्येतीच्या चौकशीवर आली.

मंजिरीनं तिला शिकवलं कसं, ते सांगते. पैसे गुंतवायचे नाहीत, फक्त समजून घ्यायचं, हे पहिल्याच दिवशी ठरलं. सरावासाठी काही नाणी असतात, त्यांना बाजारात किंमत शून्य. मंजिरीनं ती कुंदाच्या मोबाईलवर पाठवायची आणि मग कुंदानं तिला परत पाठवायची. पत्ता म्हणजे खाते क्रमांकासारखा, त्यावर काय आलं ते सगळ्यांना दिसतं, तो कोणालाही द्यायचा; किल्ली म्हणजे गुप्त शब्दांची ओळ कोणालाही द्यायची नाही. कुंदानं पाठवलं आणि मोबाईलकडे बघत बसली. नोंद दिसत होती, पण पक्की झाली नव्हती. "मंजू, मी तं पाठवले. मध्ये कोण बसला आहे?" कोणीच नाही मावशी, म्हणजे कोणी एक जण नाही. "मग चुकीच्या पत्त्यावर गेले तं तक्रार कोणाजवळ करायची?" कुणाजवळच नाही. "मग हे तं आमच्या विलासरावांच्या सरकारी हापिसापेक्षा बरं, तेथे तक्रार घेतेत आणि काही करत नाहीत." हे मंजिरी मला सांगताना इतकी हसली की तिला ठसका लागला.

मग एक दिवस दुपारी कुंदाचा मला फोन आला. आवाजात धाप. "ताई, दोन शून्यं आले."

मी विचारलं, कशाची? ती सांगू लागली. मंजिरीनं तिला एक साइट दाखवली होती. तिथे काहीही लिहिलं की खाली आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेली एक लांबलचक ओळ येते. वरचं एक अक्षर बदललं की खालची पूर्ण ओळ बदलते, आणि कशी बदलेल याचा अंदाज कोणालाच बांधता येत नाही. मंजिरीनं सांगितलं होतं की तुझं नाव लिही, पुढे एक आकडा टाक, आणि ज्याची ओळ दोन शून्यांनी सुरू होते असा आकडा शोधून काढ. कुंदा सकाळपासून दुकानात गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात शोधत होती. एक, दोन, तीन... तीनशे बाराव्या आकड्याला दोन शून्यं आली.

"यात गणित कुठंय?" मी म्हटलं. "ही तर हमाली झाली."

"हमालीच आहे ताई. तेच तं सांगून राहिली मी तुले. मायनिंग म्हणजे हेच. लोकायनं केलेले व्यवहार एका पानावर गोळा करायचे, त्याच्या मागं आकडा लावत बसायचं, मशीन एका सेकंदात कोट्यवधी लावते. ज्याले पह्यले सापडला त्याचं पान सगळ्यायच्या हिशोबाच्या वहीत लागते, त्याले नवी नाणी भेटतेत. पण पाय, शोधाले मले अर्धा दिवस लागला. तू आता लिहून पाय, तुले एका क्षणात समजंल का मी खरं बोलून राहिली. कोणाले खोटं पान घुसवायचं असंल तं त्याले सगळी हमाली पह्यल्यापासून करा लागंल, बाकी सगळ्यायच्या पुढं पळून. म्हणून कोणी मालक नसला तरी चालते."

फोन ठेवल्यावर मी ती साइट उघडली. तिनं सांगितल्याप्रमाणे कुंदा आणि तीनशे बारा लिहिलं. दोन शून्यं आली. शोधायला अवघड आणि तपासायला सोपं, हे मी तेहतीस वर्षं फळ्यावर मोठमोठ्या संख्यांचे अवयव पाडताना रोज पाहत होते आणि मला ते कधी इतकं उघड दिसलं नव्हतं. मी मोबाईल पालथा ठेवला. तिला फोन करून छान म्हणायला हवं होतं. मी केला नाही.

काही महिन्यांनी तिच्या बचत गटाची बैठक तिच्याच घरी होती आणि मी सहज गेले होते. तो हिस्सेवाला माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. मशीन आमची, जागा आमची, तुम्ही फक्त रक्कम टाका, रोज ठरलेला नफा खात्यात. बायका ऐकत होत्या, दोघीतिघींनी पैसे आणलेही होते. कुंदा चहाचा ट्रे ठेवून खाली बसली.

"दादा, आकडा सापडणं तं नशिबाचं काम. मग रोजचा नफा ठरलेला कसा?"

तो म्हणाला, आमची मशीन मोठी आहे.

"असंल. तुमचा पत्ता सांगा. नाणी कधी आली, किती आली, मी येथूनच मोबाईलवर पाहून घेतो."

तो म्हणाला, ती कंपनीची गुप्त गोष्ट आहे.

"पत्ता तं दाखवासाठीच असते दादा," कुंदा म्हणाली. "लपवायची ते किल्ली." आवाज तिनं जराही चढवला नाही. त्यानं चहा संपवला, दुसऱ्या ठिकाणी जायचंय म्हणाला आणि गेला. आणलेले पैसे बायकांच्या पर्समध्येच राहिले. शेजारची एक बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही गणिताच्या मॅडम ना? तुम्हीच शिकवलं असंल इले."

मी म्हटलं, "हो, थोडंफार."

कुंदा माझ्याकडे बघत होती. मला वाटलं आता ती हसेल. ती म्हणाली, "ताईनंच तं पाढे शिकवले मले लहानपणी," आणि कप उचलून आत गेली.

तिनं मला उघडं पाडलं असतं तर मी कदाचित सुधारले असते. तिनं झाकून घेतलं ते मला सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी रविवार. मंजिरीला हा किस्सा आधीच कळलेला होता, आणि दहाच्या दहा मिनिटं ती तेच बोलली. सोमवारी मी कुंदाला फोन केला. म्हटलं, "तुला सांगू की नको कळत नव्हतं. मंजिरी कामानं फार थकते गं. रोज रोज फोन... तुला ती म्हणू शकत नाही, माझ्याजवळ म्हणाली." मंजिरी असं एक अक्षर बोलली नव्हती.

कुंदा म्हणाली, "बरं केलं ताई सांगतलं. मले समजाले पाहिजे होतं." त्यानंतर मंजिरीच्या बोलण्यात मावशी कमी झाली, मग येईनाशी झाली. दर रविवारी मी तिचं नाव निघतं का ते बघायचे, आणि निघालं नाही की मला बरं वाटायचं.

जायच्या तीन आठवडे आधी कुंदा माझ्याकडे आली होती, डब्यात सांबारवडी, म्हणजे कोथिंबीर भरलेली वडी, घेऊन. जेवणं झाल्यावर तिनं मोबाईल काढला. "ताई, बस येथे. तुले दाखवतो. एक डाव कर तू, मजा येते." मी म्हटलं, मला सगळं माहीत आहे. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मोबाईल पिशवीत ठेवला. "राहू दे मग. पुढच्या वेळी." जाताना दारात तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, कधी नव्हे तो.

तेराव्याला सगळे गेल्यावर मंजिरी आणि मी कुंदाच्या दुकानात साड्या लावत होतो, ज्याच्या त्याला परत द्यायच्या म्हणून. मंजिरी घड्या घालता घालता रडत होती. मला राहवलं नाही. मी तिला सांगितलं, मावशीचे फोन मी बंद केले, खोटं बोलून. ती घडी घालायची थांबली नाही.

"मला माहीत आहे आई."

मी विचारलं, कसं?

"मावशीनं त्याच दिवशी विचारलं होतं मला. मंजू, खरं सांग, तुले त्रास होते का? मी म्हटलं, मी असं कधी म्हटलंच नाही. ती म्हणाली, ताईले बोलू नको काही. तिले वाईट वाटून राहिलं असंल. आपण दुपारी बोलू, ती झोपते तेव्हा, म्हणजे तिचा फोन मध्ये येणार नाही." मंजिरीनं साडी पिशवीत ठेवली. "शेवटपर्यंत बोलत होतो आम्ही. तुझ्याकडे सांबारवडी घेऊन यायच्या आदल्या दिवशीही. म्हणाली, ताईले उद्या शिकवून पाहतो, ती आपल्याहून लवकर शिकंल."

मी तिथेच साड्यांच्या ढिगावर बसले. वाईट वाटलं, खूप वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या वाईट वाटण्याच्या तळाशीही तेच जुनं होतं. दोघींनी मिळून मला सांभाळलं होतं, आणि त्या दोघींत मी नव्हते.

आता मंजिरी मला शिकवते. मीच म्हटलं तिला. दुपारी तिच्या जेवणाच्या सुट्टीत ती फोन करते, कुंदाची जी वेळ होती तीच. ती चांगलं शिकवते, माझ्याहून चांगलं. फक्त सांगता सांगता ती मध्येच थांबते. पत्ता आणि किल्ली झाल्यावर एकदा, नोंद पक्की होते तिथे एकदा. पहिल्या दिवशी मला वाटलं फोन कटला. मग कळलं, तिथे तिथे कुंदा काहीतरी विचारायची, त्याची तिला सवय लागली आहे. मला त्या जागी विचारायला काही सुचत नाही. मीही गप्प राहते. थोड्या वेळानं मंजिरी "हं" म्हणते आणि पुढे सांगू लागते.