राईतली तार

भुशी धरणाच्या वर, डोंगरात आमची वाडी. तिला वीज येते ती एकाच तारेने, आणि ती तार जाते देवाच्या राईतून. पावसात वारा सुटला की फांदी पडते, तार तुटते, वाडी अंधारात. खाली पर्यटकांच्या हॉटेलांना दोन बाजूंनी लाइन. एक गेली की दुसरीवर घेतात. तिथली गाणीसुद्धा थांबत नाहीत. आम्हाला मात्र ‘फॉल्ट शोधतोय’.

शेजारचे आबा घरात ऑक्सिजनच्या मशीनवर. वीज गेली की राखीव सिलिंडर, आणि तो संपत आला की आबांना डोलीतून खाली न्यायचं. भर पावसात, निसरड्या पायवाटेने. म्हणून मी पत्रकं छापली, वीज कार्यालयाच्या दारात वाटली: दुसरी लाइन द्या, तोवर तारेवरच्या फांद्या तरी छाटा!

दुसऱ्या लाइनचं कुणी नावच काढलं नाही. फांद्या छाटायला मात्र माणसं आली, करवती घेऊन. आणि त्यांना अडवायला सगळ्यांत पुढे कोण? आबांची बायको, आमची मावशी!

“राईतलं वाळकं पानबी आमी घरी नेत न्हाई. फांदी कुनाला इचारून तोडता?”

माझं डोकंच फिरलं. “मावशी, आबांसाठीच चाललंय ना हे सगळं?”

“मग कागद छापायच्या आदी मला इचारायचंस.”

करवतवाला हसला. “ताई, तुमचं आधी ठरू द्या. आम्ही तंबाखू मळतो तोवर.”

“झाड हालत न्हाई, तर तार हालवा,” मावशी म्हणाली. “माज्या खाचरातनं न्या.”

भाताचं एवढंसं खाचर, त्यात खांब! वीज कार्यालयातल्या साहेबांनी लेखी संमती मागितली, तिने दिली. खांब उभे राहिले. तार नाही. मी चकरा मारून थकले. ‘मटेरियल आलं की टाकू.’ लावणी खांबांना वळसा घालून झाली.

मग व्हायचं तेच झालं. राईत फांदी पडली, जुनी तार तुटली, आबा सिलिंडरवर. मी चिडून नवं पत्रक लिहायला घेतलं, तर मावशी म्हणाली, “कागद ऱ्हाऊ दे. सायबालाच घिऊन ये.”

खांब दाखवते म्हणून मी साहेबांना वर आणलं. मावशीने त्यांना आबांच्या खाटेशी बसवलं, हातात चहा दिला आणि स्वतः उंबऱ्यात ठाण मांडलं. “बसा सायेब. लाइट आली की जावा.”

आबा नळीआडून म्हणाले, “लयच घाई आसंल, तर डोली हाय.”

साहेब सिलिंडरच्या काट्याकडे बघत राहिले. काटा उतरत होता. चहा निवला. शेवटी त्यांनी फोन लावला.

संध्याकाळच्या आत तुटलेली तार जोडली गेली, आणि आठवडा संपायच्या आत नवी तार खाचरावरून ओढली. म्हणजे मटेरियल होतं! इतके दिवस गोडाऊनमध्ये पडून होतं!

दुसरी लाइन अजून ‘प्रस्तावित’च आहे. तार राईबाहेर आली, पण आहे एकच. खाली कुठे खांब कलला की आबा पुन्हा सिलिंडरवर. म्हणून दुसऱ्या लाइनसाठी मी साहेबांना पुन्हा वर बोलावते आहे. ते फोनवर विचारतात, “चहाला बसावं लागेल का?”

लागेल.