चिऊने घेतलेली शपथ

बडोद्यात, गोत्रीतल्या आमच्या सोसायटीच्या झाप्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, विमानतळाला जायची व्हॅन उभी होती आणि माझी पाच वर्षांची चिऊ भोकाड पसरून रडत होती. आजोबांसाठी नाही हो! झेंडावंदन आठवड्यावर आलं होतं आणि यंदा दोरी ओढायचा मान तिचा होता. नुकतंच शाळेत जाऊ लागलेल्या मुलाने दोरी ओढायची, हा सोसायटीचा रिवाज माझ्या वडिलांनीच, दादांनीच, घालून दिलेला. "असू दे गं, पुढच्या वेळी ओढ," दादा तिला म्हणाले. शेजारच्या कोकिळाबेन "आवजो, आवजो" करत डोळे पुसत होत्या. कोयलीच्या रिफायनरीतली नोकरी सोडून माझा नवरा आम्हाला घेऊन कॅनडाला निघाला होता. बाजार खुला झालेला, जो तो कुठे ना कुठे निघालेला. मग आम्हीच काय घोडं मारलं होतं?

झेंडा म्हणजे काय, ते चिऊला आपल्या परीने कळलं होतं. उंचावर एक पुरचुंडी असते, दोरी ओढली की तिच्यातून गुलाबाच्या पाकळ्या पडतात, मग पेढा मिळतो. कॅनडातल्या शाळेत पहिल्याच आठवड्यात ही बया झेंड्याच्या खांबाखाली फ्रॉक पसरून उभी! बाई आत बोलावतायत, ही हलायला तयार नाही. फुलं पडल्याशिवाय जायचं कसं? शाळेतून फोन आला तेव्हा आम्ही हसून हसून बेजार झालो. आता ते आठवलं की हसू येत नाही, कारण तशी ती पुन्हा कधीच उभी राहिली नाही. रोज सकाळी तिथलं राष्ट्रगीत म्हणता म्हणता तो झेंडा तिचा होऊन गेला.

चार वर्षांनी नागरिकत्वाचा समारंभ झाला. हात वर करून आम्ही इंग्लंडच्या राणीशी, कॅनडाचीही राणी तीच, एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. घेतली म्हणजे काय, पुटपुटलो. लहान मुलांना सक्ती नव्हती, तरी चिऊ शेजारी उभी राहून खणखणीत आवाजात म्हणत होती. फोनवर दादांना सांगितलं. ते म्हणाले, "आमचे वडील बडोद्याच्या महाराजांना मुजरा करायचे. आम्ही तिरंगा लावला. आणि तुम्ही फिरून इंग्रजांच्या राणीकडे? वा!"

"दादा, नुसता कागद आहे हो तो," मी म्हटलं.

पुढच्या ऑगस्टात बडोद्याला गेलो. व्हिसा काढून, स्वतःच्या माहेरी! पंधरा तारखेला सगळी सोसायटी जमली आणि दादांनी दोरी चिऊपुढे धरली. "चल बेटा, तुझा मान राहिलाय."

चिऊ मागे सरली. "आजोबा, मी नाही. मी आता कॅनडाची आहे. शपथ घेतलीय मी. इथल्या मुलांनी ओढायला पाहिजे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अगं, काही होत नाही, ओढ!" मी घाईघाईने म्हटलं.

"थांब तू," दादा माझ्यावर कडाडले. "शपथ म्हणजे काय ते तिला कळलंय. खोटं वागायला शिकवू नकोस." मग त्यांनी कोकिळाबेनच्या नातवाला हाक मारली. राष्ट्रगीत सुरू झालं. चिऊ ताठ उभी होती, मान राखून, पण ओठ मिटलेले. मी मात्र खड्या आवाजात म्हणत होते, आणि माझ्या पर्समध्ये परक्या देशाचा पासपोर्ट होता.

दादा आता नाहीत. चिऊ मोठी झाली. आपलं घर कुठलं, हे तिला कोणाला विचारावं लागत नाही. खरं सांगते, तिचा हेवा वाटतो. मागच्या खेपेला अहमदाबादच्या विमानतळावर शिक्का मारणाऱ्या पोराने हसून विचारलं, "केटला दिवस रोकावाना, मासी?" किती दिवस मुक्काम, मावशी? गोड होता बिचारा. पण बडोद्यातल्या मंडळींनो, हे पाहुण्याला विचारतात. घरच्या माणसाला कोण विचारतं? मी म्हटलं, "तीन आठवडे." इकडे परतल्यावर शेजारीण म्हणते, घरी जाऊन आलीस का? मी हो म्हणते. माझ्यासारख्या निघून आलेल्यांना घर आता तेवढंच उरलंय. जाऊन यायचं.