पौषातला हापूस

आमच्या वन्संना, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला, देवाने आधी नाक दिलं आणि उरलेली बाई मागाहून त्या नाकाला जोडली, असं माझं पक्कं मत आहे. मनमाडहून इंदिरानगरला आमच्याकडे येतात, उंबऱ्यातच थांबून खोल श्वास घेतात आणि विचारतात, "काल डाळ लागली होती ना गं?" चपला त्यानंतर निघतात. दूध नासणार हे दुधाच्या आधी त्यांना कळतं. एकदा त्यांनी एका रिक्षावाल्याचा वास घेऊन त्याला "घरी जा आणि झोप" असं बजावलं, आणि तो मुकाट गेला! मी तर त्यांच्यासमोर फोडणीत हिंग टाकायलाही बिचकते.

गेल्या पौषात आल्या होत्या. आमची सानिका, अकरावीतली, कॉलेजातून आली. आत्यांनी तिला जवळ घेतलं आणि तिच्या खांद्याशी नाक नेऊन दोनदा श्वास घेतला. पोरगी खोलीत गेल्यावर मला म्हणाल्या, "अगं, झाडाला आत्ता कुठे मोहोर, नि हिच्या स्वेटरला हापूसचा वास?"

"बॉडी स्प्रे असेल, वन्सं."

"मग तो तोंडातही मारते का?"

महिनाभराचा खोकला, चिडचिड, सारखं बंद असलेलं दार, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. नवरा तर हात उगारूनच उठला. वन्संनी त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं. "ओरडलास तर ती फक्त लपवायला शिकेल. बस गप!"

मग त्या एकट्या आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या त्या सानिकाचा हात धरून, दोघींचे डोळे लाल. पेनाएवढी एक व्हेप, म्हणजे ती फळांच्या वासाची इलेक्ट्रॉनिक सिगारेट, त्यांनी टेबलावर ठेवली. "मैत्रिणीनं दिली, आता सुटत नाही म्हणते. उद्या डॉक्टरकडे जायचं. आणि टोमणे कुणी मारायचे नाहीत."

डॉक्टरांनी समुपदेशक बाईंकडे पाठवलं. वन्सं चार दिवसांसाठी आल्या होत्या, त्या पोरगी मार्गी लागेपर्यंत राहिल्या. त्या मुक्कामात समोरच्यांची गॅसगळतीही पकडून दिली.

परवा सानिका गॅलरीत फोनवर होती. "आत्या, आज पुन्हा एकीनं व्हेप पुढे केली. हात गेला होता गं. पण नाही घेतली."

मी आत उभी राहून ऐकलं आणि हायसं वाटून रडायलाच आलं. हे ती मला सांगत नाही, मनमाडला सांगते, याचं वाईट वाटतंच की. पण सांगते. देवा, सांगते तरी!