किकवरची टोपी

हमीदचाचा भर उन्हात बोडका फिरताना दिसला का नव्या जालन्यात समदे समजायचे, चाचाच्या दुरुस्तीच्या दुकानात कुणाची तरी फटफटी झोपलेली हाय.

त्या जुन्या विलायती फटफट्यांचं एक दुखणं होतं. वंगणाच्या तेलाची टाकी वर, इंजन खाली. गाडी आठ दिवस उभी राह्यली का तेल झिरपून इंजनाच्या पोटात उतरायचं. मंग किक मारली का धूरच धूर. चाचानं मधल्या नळीला पितळी तोटी बसवली. गाडी उभी, तोटी बंद. पण तोटी न खोलता गाडी पळवली तं इंजन जाम होणार. म्हणून चाचा तोटी बंद केली का डोक्यावरची काळी टोपी किकवर ठेवायचा. म्हणायचा, "टोपी उचलंल त्यानं आधी तोटी खोलायची. इंजनाला तहान लागली तरी ते मागत न्हाई."

माझं पंक्चरचं दुकान शेजारी. वय तीस, डोक्याला टक्कल, आत त्याहून रिकामं. दोन ठिकाणचे नकार आल्ते. एका शुक्रवारी जाफराबादला पोरगी पाह्यला निघालो. चाचा रुमाल बांधून नमाजला गेल्ता; शुक्रवारी तिकडूनच घरी जायचा. दुकानापुढं उभ्या डॉक्टरसाहेबांच्या फटफटीवर टोपी होती, अन् डॉक्टर गेल्ते पुण्याला. घातली डोक्यावर.

पोरगी जमली. म्हणजे तिच्या बापाला टोपी पसंत पडली. परतताना मोटारीतून पाह्यलं, तं भोकरदनच्या अलीकडं रस्त्यावर फटफटी आडवी अन् शेजारी आमचे डॉक्टर. पुण्याहून लवकर आल्ते, किकवर टोपी न्हाई म्हणून बिनधास्त निघाल्ते. मी टोपी काढून बुडाखाली घेतली. जालन्यापर्यंत चाचाच्या इज्जतीवर बसून आलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दुकानात आले.

"धावड्याला बाई अडली होती, हमीद. बैलगाडी मिळाली म्हणून वाचली. टोपी कुठं होती?"

मी पंपामागं लपलेलो, टोपी हातात. चाचाची नजर तिच्यावर पडली.

"ठेवायची विसरलो, साहेब," चाचा म्हणाला.

"मग गाडी आता तुझ्याकडं यायची नाही."

ते गेल्यावर मी चेपलेली टोपी पुढं ठेवली. चाचानं ती गुडघ्यावर बसवून नीट केली.

"पोरगी कशी हाय?"

"चाचा, खरं का न्हाई सांगितलं?"

"तुझं लग्न जमून राह्यलंय. चोराला पोरगी कोण देतं?"

चौथ्या दिवशी डॉक्टरांच्या फाटकाशी गेलो. सायकलच्या भरलेल्या चाकात उगंच दोनदा हवा भरली, मंग आत जाऊन समदं खरं बोललो. सांजेला बैलगाडीत घालून फटफटी चाचाच्या दारात आली.

चाचा मला म्हणाला, "चूक माझीबी हाय. उचलता येईल अशी ठेवली." अन् त्यानं टोपीला सुतळी शिवली, किकला बांधायला.

चाचा गेला त्याला दोन वरसं झाली. चाचीनं टोपी मला धाडली, सुतळीसकट. डॉक्टरांची फटफटी आता माझ्याकडं उभी राहते. तोटी बंद करतो, टोपी किकला बांधतो अन् बोडका हिंडतो. टकलावरून बायको ओरडते, "ती टोपी घालत जा की."

मी म्हणतो, "एकदा घातली व्हती. तू घरात आली, तेवढं बस झालं."